इसब कुणाच्या माहेरचं?

धुळ्याची थंडी ही काही गंमत नाही. डिसेंबर-जानेवारीत पारा ७-८ अंशांवर, कधी त्याच्याही खाली उतरतो. मे महिन्यात तोच पारा ४३-४४ वर चढतो. या दोन्ही टोकांना हवा मात्र सारखीच कोरडी. ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, आणि आपण त्याची सवय करून घेतलेली असते. पण काही घरांत याच दिवसांत आणखी एक दुखणं डोकं वर काढतं. लेकराच्या कोपराच्या आतल्या घडीत, गुडघ्याच्या लवणीत, मानेवर चट्टे उठतात. रात्रभर खाज, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके, आणि झोपेविना लाल झालेले दोघांचे डोळे. एक लेकराचे आणि दुसरे त्याच्या आईचे.

आपल्याकडे याला इसब म्हणतात. डॉक्टर एक्झिमा म्हणतात.

या पानावर लिहायला लागल्यापासून तुमची पत्रं येतात, त्यांत या विषयावरची पत्रं कमी नाहीत. साक्री तालुक्यातल्या एका मैत्रिणीचं पत्र मात्र मनातून जाईना. तिची मुलगी ४ वर्षांची. जन्मल्यापासून ६ महिन्यांतच गालांवर इसब उठलं. आधी सासूबाई म्हणाल्या, बाळंतपणात वांगं खाल्लंस म्हणून झालं. मग शेजारीण म्हणाली, अंगातली उष्णता आहे. शेवटी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, घाबरू नका, हे आनुवंशिक असतं. डॉक्टर धीर द्यायला बोलले, पण घरी आल्यावर त्याच शब्दाची काठी झाली. ‘हाई तुना माहेरनं दुखनं शे,’ असं तिला ऐकवलं गेलं. आता नवरासुद्धा तेच म्हणतो. तिने मला एवढंच विचारलं आहे, ‘ताई, खरंच माझ्याकडून आलं का हो?’

मैत्रिणींनो, या एका प्रश्नाचं उत्तर नीट द्यायचं, म्हणून आजचा लेख. वांग्याचा दोष आईच्या माथी मारणं हे अज्ञान होतं. पण विज्ञानाचा अर्धवट शब्द उचलून तोच दोष पुन्हा आईच्या माथी मारणं हे त्याहून वाईट. म्हणून ‘आनुवंशिक’ म्हणजे नेमकं काय, ते आपणच समजून घेऊ.

आधी नावाचा घोळ

आपल्याकडे खाज सुटणाऱ्या सगळ्याच दुखण्यांची गल्लत होते. इसब, गजकर्ण, नायटा, खरूज, सगळं एकाच टोपलीत. पण ही दुखणी वेगळी आहेत. गजकर्ण किंवा नायटा बुरशीमुळे होतो. गोल कडं उठतं, कडेला जास्त आणि मध्ये स्वच्छ होत जातं. तो एकाचा दुसऱ्याला लागतो. खरूज बारीक किड्यामुळे होते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला. रात्री खाज वाढते आणि बहुतेक वेळा घरातली दोन-चार माणसं एकदमच खाजवत असतात. तीही लागट.

इसब मात्र लागट नाही. एका ताटात जेवलं, एका चादरीत झोपलं, हात हातात घेतला तरी ते दुसऱ्याला होत नाही. लहान बाळाला ते गालांवर, डोक्यावर दिसतं. मूल मोठं झालं, की घड्यांमध्ये जातं. कधी कोरडं, पापुद्रे सुटणारं, तर कधी ओलं, लस येणारं. पुस्तकांत लिहिलेलं असतं की त्वचा लाल होते. आपल्या सावळ्या रंगावर ते लाल दिसेलच असं नाही, काळपट-जांभळट दिसतं. आणि चट्टा बसल्यावर तिथे काही दिवस फिकट डाग राहतो. तो पाहून किती आयांच्या पोटात गोळा येतो! मुलीला कोड फुटलं की काय? इसबाचा फिकट डाग म्हणजे कोड नाही. तो हळूहळू भरून येतो. शंका असेल तर डॉक्टरांना दाखवावं, पण आधीच रडत बसू नये.

धाब्याचं घर आणि खारी माती

आता मुळाशी जाऊ. आपल्या खान्देशात जुनी घरं धाब्याची. पावसाळा तोंडावर आला, की धाब्यावर खारी माती टाकायची, नीट चोपून बसवायची. ती माती चांगली बसली, तर वरून कितीही पाणी पडो, घर कोरडं. ती कमी पडली, की आत ठिबकायला लागतं.

आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर असाच असतो. त्याची कामं दोन. आतलं पाणी बाहेर जाऊ द्यायचं नाही आणि बाहेरची धूळ, साबण, जंतू आत येऊ द्यायचे नाहीत. हा थर घट्ट बसवायला शरीर एक प्रथिन तयार करतं, त्याचं नाव फिलॅग्रिन. त्वचेच्या पेशींमधले धागे ते एकत्र बांधतं, पेशी चपट्या होऊन एकावर एक नीट रचल्या जातात. पुढे याच फिलॅग्रिनचे तुकडे होतात आणि ते त्वचेतला ओलावा धरून ठेवतात. म्हणजे माती तीच बसवते आणि ओलही तीच राखते.

२००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात आयर्विन मॅक्लीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की हे फिलॅग्रिन बनवणाऱ्या जनुकात बिघाड असेल, तर माणसाला इसब होण्याचा धोका बराच वाढतो. तोपर्यंत जगभर बहुतेक लोक समजत होते, की इसब म्हणजे फक्त ॲलर्जी, सगळी गडबड आतूनच आहे. या शोधाने लक्ष पहिल्यांदा भिंतीकडे आणि छपराकडे वळलं.

प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडलांकडून. फिलॅग्रिनच्या जनुकाची एक प्रत बिघडलेली असेल, तर हे प्रथिन निम्म्याच्या आसपास तयार होतं. दोन्ही बिघडल्या असतील, तर जवळजवळ नाहीच. मग त्वचा माशाच्या खवल्यांसारखी कोरडी पडते. युरोपातल्या लोकांत साधारण दर १० जणांत एकाकडे अशी बिघडलेली प्रत असते. आशियातल्या लोकांमध्येही बिघाड सापडतात, पण जनुकातल्या वेगळ्या ठिकाणी.

याची एक खूण मोठी गंमतशीर आहे. ज्यांच्याकडे ही बिघडलेली प्रत असते, त्यांच्यापैकी अनेकांच्या तळहातावर रेषांचं दाट जाळं असतं, नेहमीपेक्षा जास्त आणि ठळक. आपल्याकडे असा हात पाहून लोक म्हणतात, हिच्या नशिबात फार भोग आहेत! भोगाचा काही संबंध नाही. त्या रेषा नशिबाच्या नाहीत, कोरड्या कातडीच्या आहेत. ज्योतिषाला दाखवण्यापेक्षा त्या हाताला रोज थोडं तेल किंवा मलम लावलं, तर जास्त उपयोग.

जास्त जागा असलेला राखणदार

छप्पर गळलं, की दुसरी गोष्ट सुरू होते. त्वचेच्या खाली आपली प्रतिकारशक्ती राखणदारासारखी बसलेली असते. शेतावरचा राखणदार शहाणा असेल, तर चोर कोण आणि वाऱ्याने हललेलं पान कोणतं, हे त्याला कळतं. पण काही राखणदार असे असतात, की पान हललं तरी गोफण फिरवतात. इसब असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती अशीच वागते. छपरातून धूळ, परागकण, साबणाचा अंश आत शिरला, की ती मोठा शत्रू आल्यासारखी धावून जाते. त्या गडबडीत त्वचेला सूज येते आणि खाज सुटते.

या पेशी एकमेकींना जे रासायनिक निरोप पाठवतात, त्यांना इंटरल्यूकिन म्हणतात. इसबामध्ये इंटरल्यूकिन-४ आणि १३ यांचा जोर जास्त असतो. हे निरोप वाढले, की त्वचा फिलॅग्रिन बनवणं आणखी कमी करते. आणखी एक आहे, इंटरल्यूकिन-३१, ते खाजेचा संदेश थेट मज्जातंतूंना देतं. म्हणजे छप्पर गळतं म्हणून राखणदार ओरडतो, आणि राखणदाराच्या धावपळीत छपराची माती आणखी सरकते. त्यात खाजवून नखं लागतात. भेगांतून स्टॅफिलोकॉकस नावाचे जंतू आत जातात. मग लस, पिवळी खपली, पुन्हा खाज. हे चक्र एकदा सुरू झालं, की ते नुसतं ‘खाजवू नकोस’ म्हणून थांबत नाही. खाज सुटलेल्या लेकराला रागावून काय उपयोग? ते मुद्दाम करत नसतं.

१९२३ साली अमेरिकेत कोका आणि कुक या दोन डॉक्टरांनी अशा माणसांच्या प्रकृतीला ‘ॲटोपी’ असं नाव दिलं. ग्रीक भाषेतला हा शब्द, अर्थ साधारण ‘जागा सोडून वागणं’. एकाच घरात कुणाला इसब, कुणाला दमा, कुणाला सकाळी उठल्या उठल्या १५-२० शिंका. ही सगळी भावंडंच आहेत. म्हणून डॉक्टर इसबाच्या मुलाबद्दल विचारतात, घरात कुणाला दमा आहे का? तो प्रश्न उगाच नसतो.

इथे एक गोष्ट ठळकपणे लिहून ठेवते. इसब म्हणजे प्रतिकारशक्ती कमी झाली, असं नाही. ती कमी नसते, नको तिथे जास्त असते. कोरोनाच्या काळापासून ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणणाऱ्या पुड्या, काढे, सिरप यांचा सुळसुळाट झाला आहे. आधीच गोफण फिरवणाऱ्या राखणदाराला आणखी चिथवून इसब बरं होणार नाही. पैसे तेवढे जातील.

मग आलं कुणाकडून?

आता साक्रीच्या मैत्रिणीचा प्रश्न. आनुवंशिक म्हणजे आईकडून, असं कुणी सांगितलं? फिलॅग्रिनचं जनुक पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर असतं. ते मुलगा-मुलगी ठरवणारं गुणसूत्र नाही. त्याची बिघडलेली प्रत आईकडून येऊ शकते, तितकीच वडलांकडून येऊ शकते. आणि बिघडलेली प्रत असूनही अनेक माणसांना आयुष्यात कधी इसब होत नाही. म्हणजे ज्या आजोबांचे फक्त पाय खरखरीत होते, ज्या आत्याला फक्त शिंका यायच्या, त्यांच्याकडूनही ती खाली उतरलेली असू शकते. घरातला प्रत्येकजण आपापल्या बाजूची माणसं आठवून पाहील, तर दोन्हीकडे कुणी ना कुणी सापडेलच.

उलटही खरं आहे. इसब असलेल्या अनेक मुलांमध्ये फिलॅग्रिनचं जनुक अगदी धडधाकट असतं. इसबाशी संबंध असलेल्या ३० हून अधिक जागा आपल्या जनुकांत सापडल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच प्रतिकारशक्तीशी निगडित आहेत. प्रत्येकीचा वाटा थोडा-थोडा. डाळीच्या फोडणीत मोहरीचा नेमका कोणता दाणा तडतडला, ते जसं सांगता येत नाही, तसंच हे.

जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून आणखी स्पष्ट होतं. अगदी एकसारखी दिसणारी जुळी, ज्यांची जनुकं सारखीच असतात, त्यांच्यातल्या एकाला इसब असेल, तर दुसऱ्याला असण्याची शक्यता साधारण ७० ते ८० टक्के दिसली. वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांत ती २० ते ३० टक्के. यातून दोन गोष्टी कळतात. जनुकांचा वाटा मोठा आहे, हे एक. आणि सगळी जनुकं सारखी असूनही काहींना इसब होत नाही, हे दुसरं. म्हणजे जनुक म्हणजे कपाळावर लिहिलेलं नाही. हवा, पाणी, साबण, धूर, जंतू, या सगळ्यांचाही हात त्यात असतो.

आई-वडलांपैकी एकाला इसब, दमा किंवा तशी ॲलर्जी असेल, तर मुलाला इसब होण्याचा धोका दुपटी-तिपटीने वाढतो, दोघांना असेल तर त्याहून जास्त. हे खरं आहे आणि लपवायचं कारण नाही. पण धोका वाढणं आणि दोष असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण लेकराला डोळे दिले, आवाज दिला, केसांचा कुरळेपणा दिला. यातलं काहीच निवडून दिलं नाही. मग कोरडी कातडी तेवढी मुद्दाम दिली, असं कसं म्हणायचं?

आणि वांग्याचं? गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना आईने अमुक खाल्लं म्हणून बाळाला इसब होतं, याला आधार नाही. त्या काळात आईने पदार्थ सोडले म्हणून बाळाचं इसब टळतं, असंही दिसलेलं नाही. उलट बाळंतिणीचं ताट रिकामं करून तिलाच अशक्त करतो आपण. भरताच्या वांग्यावर जीव टाकणाऱ्या आपल्या खान्देशाने वांग्यालाच आरोपी करावं, हे जरा नवलच! अगदी लहान आणि तीव्र इसब असलेल्या काही बाळांना दूध किंवा अंड्याची ॲलर्जी असते, हे खरं. पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं. आपल्या मनाने लेकराचं दूध, शेंगदाणे, डाळी बंद करायच्या नाहीत. वाढत्या वयात त्याचं फार नुकसान होतं.

बांधावरचं गवत

प्रत्येकाचं इसब मात्र जन्मापासूनचं नसतं. काहींना ते मोठेपणी, बाहेरच्या वस्तूंमुळे होतं. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातलं आहे. गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, आपल्या बांधाबांधावर माजलेलं असतं. हे मूळचं अमेरिका खंडातलं. १९५६ साली वनस्पतीशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी पुण्यातून त्याची नोंद प्रसिद्ध केली. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असावं, असं मानतात. पुढच्या काळात पुण्याच्या परिसरात अनेकांच्या चेहऱ्यावर, पापण्यांवर, मानेवर, कोपरांच्या घड्यांत भयंकर इसब उठायला लागलं. पुण्याचे डॉ. लोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा माग काढला आणि हे गाजर गवताचं काम आहे, हे १९७० च्या दशकात जगापुढे मांडलं. या गवतातल्या पार्थेनिन नावाच्या द्रव्याचा हा प्रताप. वाळलेल्या गवताची धूळ हवेतून येऊन अंगावर बसली तरी पुरते.

पण याच गवतातून १० बायका निंदणी करतात आणि त्रास एखादीलाच होतो. का? कारण तिच्या प्रतिकारशक्तीने त्या द्रव्याची ओळख शत्रू म्हणून धरून ठेवली. एकदा अशी ओळख बसली, की ती सहसा जात नाही. गवत तेच, बांध तोच, राखणदार वेगळा. तेव्हा निंदायला गेलेल्या बाईच्या तोंडावर चट्टे उठले, तर ‘हिचंच नाटक’ असं म्हणू नका. तिला ते काम देऊ नका. गवत फुलोऱ्यात येण्याआधीच उपटा, पूर्ण बाह्या आणि हातमोजे घालून.

स्वयंपाकघरातही असंच असतं. लसूण सोलून सोलून डाव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटं फुटतात, भांडी घासून हाताला भेगा पडतात, मिरच्या कुटताना तर हातांची आग आगच. लहानपणी इसब होऊन गेलेल्या बाईला मोठेपणी हातांचं इसब होण्याची शक्यता जास्त असते, कारण तिचं छप्पर मुळातच पातळ. दिवसभर पाण्यात हात असणाऱ्या बाईच्या दुखण्याला घरात कुणी दुखणं म्हणत नाही. म्हणायला हवं.

मेडिकलमधली ट्यूब

आता सगळ्यात जास्त नुकसान करणारी गोष्ट. खाज सुटली, की आपण मेडिकलवर जातो आणि ‘खाजेची एक ट्यूब द्या’ म्हणतो. तीन-चार औषधं एकत्र केलेली ट्यूब मिळते. दोन दिवसांत खाज थांबते. मग तीच ट्यूब घरातला प्रत्येकजण वापरतो. जाऊबाई ती तोंडाला लावते, कारण गोरेपणा येतो, असं कुणीतरी सांगितलेलं असतं.

त्यात बहुतेक वेळा कडक स्टिरॉइड असतं. महिनोन् महिने लावलं, की कातडी पातळ होते, चेहरा लाल होतो, केस उगवतात, ट्यूब थांबवली की आग होते. आणि मुळात ते इसब नसून गजकर्ण असेल, तर स्टिरॉइडने ते वरून दबतं आणि आतून अंगभर पसरतं. गेली काही वर्षं आपल्या देशात हट्टी गजकर्णाची साथच आली आहे आणि त्यामागे या ट्यूबांचा मोठा वाटा असल्याचं त्वचारोगतज्ज्ञ सतत सांगत आहेत. २०१८ साली केंद्र सरकारने स्टिरॉइड असलेली १४ प्रकारची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. कायदा झाला. पण चिठ्ठी न मागता ट्यूब देणारे आहेत आणि चिठ्ठी न नेता ट्यूब मागणाऱ्या आपणही आहोत.

याचा अर्थ स्टिरॉइड म्हणजे विष, असाही नाही. इसबात डॉक्टरांनी योग्य ताकदीचं, ठरलेल्या दिवसांसाठी दिलेलं मलम फार उपयोगी पडतं. भीतीपोटी ते लावायचंच नाही आणि लेकराला खाजवत ठेवायचं, हेही चूक. माप सोपं आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढली, तर ते मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. लेकराच्या चट्ट्याची जागा त्यावरून मोजा आणि डॉक्टरांनी सांगितलं तेवढेच दिवस लावा.

राखणदाराचे निरोपच अडवणारी नवी औषधंही आली आहेत. इंटरल्यूकिन-४ आणि १३ यांचं काम रोखणाऱ्या ड्युपिलुमॅब या इंजेक्शनला अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळाली. पण ही औषधं महाग आहेत, तीव्र आजारासाठी आहेत आणि बहुतेक मुलांना त्यांची गरजच पडत नाही.

घरी काय करायचं?

छपराला माती टाकायची. एवढंच, पण रोज. कोमट पाण्याने ५-१० मिनिटांत आंघोळ. बंबातलं कढत पाणी नको. साबण सौम्य आणि थोडाच. घासणी, दगड, उटणं चट्ट्यांवर नको. मऊ सुती पंचाने टिपून घ्यायचं, रगडायचं नाही. अंग दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, सढळ हाताने मलम लावायचं. साधी बिनवासाची पेट्रोलियम जेली चालते, चांगलं खोबरेल तेलही चालतं. मोहरीचं तेल नको. दिवसातून दोनदा, आणि चट्टे नसतानाही.

स्वेटर थेट अंगावर नको, आत सुती बंडी घाला. कपड्यांतली पावडर दोनदा पाण्यातून काढा. नखं कापलेली ठेवा. चट्ट्यांतून पू आला, पिवळ्या खपल्या धरल्या, ताप आला किंवा एकाएकी दुखऱ्या बारीक फोडांचा घोस उठला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, जळगावातही २०१८ पासून शासकीय महाविद्यालय आहे. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायला नाशिक-मुंबईच गाठावं लागतं, असं नाही.

इसब मुळापासून घालवतो, म्हणणाऱ्यांपासून मात्र सावध राहा. जनुकं कुणाला बदलता येत नाहीत. पण बहुतेक मुलांचं इसब वयाबरोबर कमी होत जातं, आणि तोवर ते नीट काबूत ठेवता येतं. ही आशा खोटी नाही.

आता साक्रीच्या मैत्रिणीला आणि तिच्यासारख्या सगळ्यांना माझं उत्तर. तुझ्याकडून आलं असेल, तिच्या बाबांकडून आलं असेल, दोघांकडून थोडं-थोडं आलं असेल. कुणाकडूनही आलं तरी त्यात कुणाचा गुन्हा नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना नवऱ्याला आणि सासूबाईंना बरोबर घेऊन जा. डॉक्टरांनी ‘आनुवंशिक’ म्हटलं, की तिथेच विचार, ‘म्हणजे दोन्हीकडून येऊ शकतं ना?’ उत्तर सगळ्यांच्या कानावर पडू दे.

आणि सासूबाईंनो, तुम्हालाही एक विनंती. रात्री २ वाजता खाजवणाऱ्या नातीला उचलून घेणारी सून एकटीच जागी असते. माहेर कुणाचं, याचा हिशेब नंतर करा. एक रात्र तुम्ही नातीला मलम लावा आणि तिच्या आईला झोपू द्या. शाळेतल्या बाईंनो, अशा मुलीला शेवटच्या बाकावर एकटीला बसवू नका, तिचं दुखणं लागट नाही, हे वर्गाला तुम्ही सांगितलं तर मुलं ऐकतील. आणि स्थळ बघायला जाणाऱ्यांनो, मुलीच्या कोपरावरचा डाग पाहून परत फिरण्याआधी आपल्या घरातल्या शिंका, दमा आणि फुटलेल्या टाचा मोजून घ्या. तिची पूर्ण बाह्यांची सक्ती त्या दिवशी सुटली, तर बरंच काही सुटेल.